उतरंडीतला खडा

ही गोष्ट सांगायची माझी बिलकूल इच्छा नव्हती. गुडघे दुखतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि माझं अक्षर म्हणजे अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं. पण सुनेनं कागद पुढ्यात टाकला. म्हणाली, "मामंजी, पारावर भांडून आल्यापासून घरात पुटपुटताय. एकदाचं लिहून टाका आणि आम्हाला मोकळं करा."

भांडण असं झालं. तालुक्याला कुणीतरी एका गाळ्यात यंत्रं लावलीत. सारखी घुं घुं करतात, तापतात, वीज खातात, आणि म्हणे कॉम्प्युटरातलं नाणं काढतात, क्रिप्टो की काय ते. करतात काय, तर एक आकडा शोधतात. नाही जुळला, टाक. दुसरा घे. नाही जुळला, टाक. पारावरची मंडळी पोट धरून हसली. रिकामा उद्योग, म्हणाली. मी म्हटलं, रिकामा असेलही, पण कशापायी चाललाय ते तरी बघा. त्यावर केरबा पाटोळे सगळ्यांदेखत मला म्हणाला, "चौथी नापास माणसानं यात बोलू नये."

बोलत नाही. लिहितो. लहानांनी नीट ऐका, मोठ्यांनी मध्येमध्ये खोकू नका.

फार मागं, राजे लांब होते आणि डोंगर जवळ होते, तेव्हा एका नदीकाठी एक गाव होतं. गावात लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. पाटील नव्हता, कारभारी नव्हता, राजाचा शिपाई तर कुणी पाहिलाच नव्हता. मग झऱ्याचं पाणी कुणाचं, बांधावरचा आंबा कुणाचा, हे लक्षात ठेवायचं कुणी?

त्यासाठी गावानं देवळापुढं दगडांची उतरंड रचली होती. घरात मडक्यांची रचतो ना आपण, एकावर एक, तशी. फक्त मडक्यांच्या जागी चपटे दगड.

एक ठराव, एक दगड. ठरावाची खूण दगडावर कोरायची. पाण्याचा ठराव असला तर नागमोडी रेघ आणि ज्याला पाणी मिळालं त्याच्या घराची खूण. खुणेच्या मधोमध एक खळगा. आता खूण जशी, तसा खळगा. प्रत्येकाचा वेडावाकडा, एकासारखा दुसरा नाही. आणि त्या खळग्यात अगदी चपखल बसेल असा खडा नदीतून शोधून आणायचा.

खडा नदीनंच घडवलेला पाहिजे. हातानं घासलेला, छिन्नी लावलेला चालत नसे. खडा बसला की गावातली एक म्हातारी त्यावर तांब्याभर पाणी ओतायची. बुडबुडा वर आला तर आत पोकळी आहे, खडा खोटा. नाही आला तर खडा खरा. शोधायला गावच्या गाव नदीत वाकायचं, हजार खडे उचलायचं, हजार टाकायचं. तपासायला मात्र एक तांब्या पाणी पुरायचं.

खड्याचं डोकं थोडं वर राहायचं. पुढच्या दगडाचं पोट त्या डोक्यावर बेतून कोरायचं, म्हणजे तो वर घट्ट बसायचा. दगड पातळ, दुसऱ्यांदा छिन्नी लागली की तडकायचा. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

ज्याला खरा खडा सापडेल त्याला कुंभार एक निळा मणी भाजून द्यायचा. गावातलं नाणं तेच. मण्यावर तूप मिळे, लुगडं मिळे, बैल मिळे. आणि नवा मणी दुसऱ्या कुठल्याही वाटेनं निघत नसे.

त्या गावात एक गुऱ्हाळवाला होता. गावातला सगळ्यांत मोठा ऊस त्याचा. उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी त्याच्या उसाला, हा त्याच्या आज्याच्या वेळचा ठराव उतरंडीत खोल तळाशी होता. त्याला कमी कशाचंच नव्हतं.

पण शेजारी ताकवाली राहायची.

नवरा गेलेला, दारात दोन म्हशी. ती आणि तिची सून नदीवर मडकी घासायला जायच्या आणि घासून झालं की खडे चाळत बसायच्या. ऊन असो, वारा असो. त्यामुळं खडे त्यांना सापडायचे. युक्ती काही नव्हती. जास्त वाकायच्या, जास्त सापडायचे.

ताकवालीच्या गळ्यातली निळी माळ वाढत चालली. ती चालली की मणी वाजायचे. तिला ऐकू येत नसतील, पण गुऱ्हाळवाल्याला यायचे. जेवताना यायचे, चरकापाशी बैलांच्या घुंगरांतूनसुद्धा यायचे.

"काय झालं? भाकरी गोड लागत नाही का?" बायको विचारायची.

"त्या ताकवालीची माळ बघितलीस?"

"बघितली. छान दिसते."

झालं. त्या दिवशी भाकरी ताटातच राहिली.

एकदा तोही नदीत उतरला. चार गडी घेऊन उतरला. दुपारपर्यंत कंबर धरली, गडी कंटाळून मासे पकडायला लागले. शेवटी त्यानं एक खडा उचलला, जरासा मोठा होता, तो मागच्या बाजूला जाऊन दगडावर घासला आणि देवळापुढं आणला.

म्हातारीनं पाणी ओतायच्या आधी खड्यावर बोट फिरवलं.

"मालक, हा नदीनं घासला का तुम्ही?"

"नदीनंच."

"मग नदीला सांगा, जरा सावकाश घास. घाई झालेली दिसते."

देवळापुढं हशा पिकला. सगळे हसले, पण गुऱ्हाळवाल्याला हसताना दिसली ती एकटी ताकवाली. खरं तर ती हसलीसुद्धा नव्हती, पदरानं घाम पुसत होती. पण जळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं काय सांगावं!

आता "मी जळतो" असं कोण म्हणणार? पोटात जळजळ झाली की माणूस शहाणपण बोलायला लागतो. त्यानं गाव गोळा केलं आणि उभा राहून बोलला.

"मंडळी, मला एक सांगा. आपण सगळे त्या नदीत वाकतो. त्यानं दाणा उगवतो का? भिंत उभी राहते का? हजार खडे उचलायचे आणि हजार परत पाण्यात टाकायचे! नदीचा तळ उपसला, मासे पळाले, बायांच्या कंबरा गेल्या. कशासाठी? एक भोक बुजवायला! अहो, भोक तर चिखलानंही बुजतं."

आणि खोटं सांगत नाही, त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. तळ उपसला होता. मासे पळाले होते. कंबरा तर सगळ्यांच्याच दुखत होत्या.

मंडळी म्हातारीकडं वळली. "आजी, खडाच का? चिकणमाती का नाही?"

म्हातारी गडबडली. "मला काय माहीत बाबांनो? माझी सासू ओतायची, मी ओतते. पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासून आहे!" गुऱ्हाळवाला ओरडला. "ऐकलंत? हे कारण!"

सगळ्यांत जोरात मान हलवली ती केळीवाल्यानं. झऱ्याच्या वरच्या अंगाला त्याची केळीची बाग होती. तो म्हणाला, "मालकांचं बरोबर आहे. माती बरी. एका दुपारचं काम."

ठरलं. पुढच्या दगडापासून चिकणमाती. खडा नाही, म्हणून मणी नाही. कुंभारानं भट्टीतली मण्यांची जागा पणत्यांना दिली. ताकवाली काही बोलली नाही. मडकी घासून सरळ घरी जायला लागली.

गुऱ्हाळवाल्याला त्या रात्री झकास झोप लागली. माळ वाढायची थांबली होती.

पण जळजळीचं एक असतं. एका जागेवरून उठवली की दुसऱ्या जागी जाऊन बसते. पुढचा सण आला. पोरं उतरंडीभोवती जमली आणि फटींतून दिसणाऱ्या खड्यांना बोटं लावून ओरडू लागली, "हा ताकवालीचा! हाही ताकवालीचा! तो तिच्या सुनेचा!"

वरच्या अर्ध्या उतरंडीत जिथं खडा दिसावा तिथं तिचाच. माळ काय, माणसाबरोबर जाते. हे मात्र देवळापुढं कायमचं राहणार. गुऱ्हाळवाल्याला सणाची पुरणपोळी उतरेना.

त्यानं पुन्हा गाव गोळा केलं. "नवे दगड मातीचे आणि जुने खड्यांचे, हे बरं दिसतं का? सगळं एकसारखं करू. माझे गडी लावतो, माझी माती लावतो. तुम्हाला तोशीस नको."

फुकटात होतंय म्हटल्यावर नको कोण म्हणतो? गड्यांनी उतरंड उतरवली. एकेक खडा उचकटून काढला, खळग्यात माती भरली, दगड परत मातीत टेकवून रचण्यासाठी बाजूला ठेवला. खाली उतरता उतरता तळाशी आले. तिथं नागमोडी रेघ आणि गुऱ्हाळाची खूण असलेला दगड होता.

म्हातारी काठी टेकत पुढं झाली. "मालक, हा तुमच्या आज्याचा. ह्याचाही खडा काढायचा?"

गुऱ्हाळवाल्यानं दगडावर हात ठेवला. मग त्यानं ताकवालीच्या दाराकडं पाहिलं.

"काढा. सगळे म्हणजे सगळे."

टोपलीभर खडे त्यानं स्वतः डोहात नेऊन ओतले. बुडबुड बुडबुड करत गेले खाली. ऐकून त्याला काय बरं वाटलं म्हणता!

थंडी सरली. पलीकडच्या गावची जत्रा आली, आणि गाव झाडून जत्रेला गेलं. एकटा केळीवाला पाय मुरगळला म्हणून मागं राहिला. त्यानं आपले दोन भाचे बोलावले, उतरंड उतरवली, तळाचा दगड काढला. त्याच्या जागी नवा ठेवला. नागमोडी रेघ तशीच, फक्त गुऱ्हाळाच्या जागी केळीचं पान. माती थापली, जुना दिसावा म्हणून तेल-काजळी फासली, बाकीचे दगड वर चढवले. जत्रेतले लोक पाळण्यातून उतरायच्या आत काम झालेलं. सोपं होतं. माती कुठल्याही भोकात बसते, कुठल्याही दगडाखाली बसते. तिला काय कळतं खरं काय नि खोटं काय!

उन्हाळा लागला. एका सकाळी गुऱ्हाळवाला मळ्यात गेला तर पाट कोरडा. वर जाऊन बघतो तर केळीवाल्यानं पाणी आपल्या बागेत वळवलेलं.

"अरे, डोकं फिरलं का तुझं? उन्हाळ्याचं पाणी माझं आहे!"

"कोण म्हणतं?"

"उतरंड म्हणते!"

"चला की मग उतरंडीकडं," केळीवाला म्हणाला आणि खांद्यावर उपरणं टाकून पुढं चालायला लागला. मुरगळलेला पाय चांगला बरा झाला होता.

दगड काढला. केळीचं पान. गुऱ्हाळवाला खालीच बसला. मग उठला आणि ओरडला, "हा खोटा आहे! बदललाय ह्यानं!"

"कशावरून?"

कशावरून, ते काही त्याला सांगता येईना. मंडळींपैकी अर्ध्यांना गुऱ्हाळाची खूण आठवत होती. अर्ध्यांना काहीच आठवत नव्हतं. आणि ज्यांना केळीवाल्याकडून घड जायचे त्यांना केळीचं पान अगदी लख्ख आठवत होतं.

गुऱ्हाळवाल्यानं संतापून आपला दगड नव्यानं कोरला आणि तळाशी बसवला. दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा केळीचं पान. त्यानं पुन्हा बदलला. यानं पुन्हा बदलला. ते बघून बाकीचेही शहाणे झाले. आंबा भावाचा होता तो बहिणीचा झाला, मग परत भावाचा. एकाची म्हैस तीन घरांची झाली. उतरंड रोज उतरायची, रोज चढायची. सकाळी आपल्या घरातून उठलेला माणूस हे घर अजून आपलंच आहे ना, हे बघायला आधी देवळापुढं धावायचा.

आणि इकडं ऊस वाळत होता. पानांचा खराटा झाला.

शेवटी तो ताकवालीच्या दारात गेला. आयुष्यात पहिल्यांदा गेला असेल. तिनं घोंगडी टाकली, ताकाचं भांडं पुढं ठेवलं.

"वैनी, माझ्या आज्याचा दगड तुम्हाला तरी आठवतो ना?"

"आठवतो की. त्याचा खडा माझ्या सासूनं शोधला होता, भाऊजी."

त्यानं तोंडाला लावलेलं भांडं खाली घेतलं.

"मग चला. चौघांपुढं सांगा."

"सांगेन. मग केळीवाल्याची बायको उभी राहील आणि तिला उलटं आठवतं म्हणून सांगेल. पुढं काय?"

ताकवाली रवी घुसळत होती, ती थांबली.

"तुम्ही विचारलं होतंत ना, खडा कशाला? खडा म्हणजे नुसता खडाच. त्यानं मिरचीसुद्धा वाटली गेली नसती. पण तो शोधायला जो घाम जायचा ना, तो त्या दगडाखाली बसायचा. केळीवाल्याला तुमचा दगड बदलायचा असता तर नव्या खळग्याला नवा खडा लागला असता. त्याचं डोकं वेगळं, म्हणून वरचा दगड बसला नसता. तो पुन्हा कोरायला जावं तर तडकणार, म्हणून नवाच दगड कोरा, त्याला नवा खडा शोधा. मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा. तो असा नदीत वाकलेला, आणि इकडं सारं गाव मिळून वर आणखी दगड चढवतंय. कधी गाठणार होता तो? भाऊजी, खऱ्याला गावानं एकदाच घाम गाळायचा. खोट्याला मात्र गावानं इतक्या वर्षांत गाळलेला सगळा घाम एकट्यानं गाळायला लागायचा. म्हणून कुणी नादाला लागत नव्हतं. त्या रिकाम्या कामाचं काम एवढंच होतं."

"आणि मणी?"

"मणी नसता तर उन्हातान्हात कोण वाकलं असतं? तुम्ही?"

गुऱ्हाळवाल्यानं उरलेलं ताक एका दमात संपवलं. मग चिडून म्हणाला, "एवढं कळत होतं तर त्या दिवशी गप का बसलात?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, बाई माळेपायी बोलते."

खरं होतं. हेच म्हणाला असता तो. त्यानं मान वर केली, आणि माळ दिसली, आणि तेवढ्यातही, ऊस वाळलेला असताना, पोटात जरा जळलंच त्याच्या. माणूस आहे.

त्या वर्षी ऊस गेला. सगळा गेला. चरक बंद पडला, गडी दुसरीकडं कामाला लागले. गाव थकलं आणि एक दिवस पुन्हा देवळापुढं बसलं. उतरंड मोडली आणि तळापासून नवी रचायला घेतली, खड्यांची. पण जुनं खरं काय, हे आता कुणालाच छातीवर हात ठेवून सांगता येईना. म्हणून झऱ्याचं पाणी अर्धं उसाला, अर्धं केळीला, असं ठरलं. आज्यानं मिळवलेलं अर्धं पाणी नातवानं टोपलीत भरून डोहात ओतलं होतं, ते काही परत आलं नाही. केळीवाल्याला मात्र चोरीचं निम्मं पचलं. गोष्टीत सगळ्यांनाच शिक्षा होते असं कुणी सांगितलं?

त्या पहिल्या दगडाचा खडा शोधायला गुऱ्हाळवाला स्वतः नदीत उतरला. गडी नाहीत, कुणी नाही, गुडघाभर पाण्यात एकटा. पलीकडं ताकवाली आणि तिची सून. उचल, बघ, टाक. उचल, बघ, टाक. सूर्य कलला.

खडा कुणाला सापडला असेल?

ताकवालीलाच. म्हातारीनं पाणी ओतलं, बुडबुडा आला नाही. कुंभारानं मणी दिला, माळ पुन्हा वाजली. गुऱ्हाळवाल्यानं दात आवळले. घरी गेला, बायकोनं वाढलेली भाकरी खाल्ली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधी नदीवर जाऊन उभा राहिला. तिला मागं टाकायचं म्हणून. त्याला बघून आणखी दोघं आली, त्यांना बघून आणखी चार. उतरंड भराभर उंच झाली, इतकी की पुन्हा कुणाच्या बापाला तळाचा दगड हलवता आला नाही. त्याची जळजळ काही गेली नाही, पण तीसुद्धा शेवटी राखणीच्या कामी लागली.

तात्पर्य: जे काम फुकट जातंय असं दिसतं, ते कशाची राखण करतंय हे बघितल्याशिवाय मोडू नये, आणि मोडावंसं वाटलंच तर आधी बघावं की बोलतंय आपलं डोकं की आपलं जळणं.

तालुक्याची ती यंत्रं वीज खातात, ती जास्त खातात की काय, त्यावर भांडा खुशाल. ते भांडण करण्यासारखं आहे. पण ती एकेक आकडा उचलतात, बघतात, टाकतात, ते ह्याच्यासाठी, त्यांच्या नाण्यांच्या वहीतलं जुनं पान कुणाला मागं जाऊन बदलता येऊ नये म्हणून, एवढं समजून मग भांडा. चौथी नापास माणसाला समजलं.

आणि माफीचं म्हणाल, तर ती अजून यायची आहे. मी रोज संध्याकाळी पारावरच असतो, केरबा पाटोळे.